दक्षिणेचा मंद वारा

रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ आली की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘प्रभूने दार उघडले.’ गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतला एक तरुण उभा राहिला. आखातात नोकरी, आठ दिवसांत व्हिसा, तिकीट कंपनीचे, राहत्या घराला भाडेकरूसुद्धा मिळाला. सगळे असे जुळून आले, म्हणजे ही प्रभूचीच इच्छा! सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटले, मीही म्हटले. मागच्या बाकावर त्याची आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. घर भाड्याने गेल्यावर ती कुठे राहणार, हे कोणीच विचारले नाही.

तेव्हापासून प्रेषितांच्या कृत्यांचा 27 वा अध्याय मनातून जात नाही. कैदी पौलाला रोमकडे नेणारे आलेक्सांद्रियाचे गव्हाचे जहाज क्रेत बेटावर ‘सुंदर बंदर’ इथे थांबले होते. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास होऊन गेलेला, म्हणजे समुद्र खवळायचे दिवस आलेले. पुढे गेलात तर माल, जहाज आणि जीवही धोक्यात येतील, असे पौलाने बजावले. शताधिपती युल्य काही वाईट माणूस नव्हता. पौलाशी तो माणुसकीने वागत आला होता. पण त्याने तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. त्यांची कारणेही पटण्यासारखीच होती. हे बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचे, फेनिके बंदर जवळच, आणि बहुतेकांचे मत निघावे असेच. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. आपला बेत साधलाच, असे सर्वांना वाटले आणि नांगर उचलला गेला.

मला भीती वाटते ती या वाऱ्याची. मागून आलेल्या युरकुलोन वादळाची तेवढी नाही, कारण वादळात माणूस निदान देवाचा धावा तरी करतो. मंद वाऱ्यात विचारायचे म्हणून काही उरतच नाही. 14 रात्री ते जहाज भरकटले. देवाच्या दयेने 276 जणांपैकी एकही दगावला नाही. पण जहाज फुटले, आणि त्याआधी उरलेला गहू त्यांना आपल्याच हातांनी समुद्रात टाकावा लागला.

योनालाही याफो बंदरात तार्शीशचे जहाज आयते मिळाले होते, भाड्याचे पैसेही गाठीला होते. देवापासून पळणाऱ्याचीसुद्धा अशी सोय होते! आणि एन-गेदीच्या गुहेत दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा हाती सापडला तेव्हा दाविदाचे सोबती म्हणाले, परमेश्वराने नेमलेला दिवस हाच. दाविदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. असे मन मागावे, साक्षीसाठी उभे राहण्याआधी मागावे.

तो तरुण पुढच्या आठवड्यात निघतो आहे. उद्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जाणार आहे. त्याच्या आईचे कुठे राहायचे ठरले, एवढेच विचारायचे आहे.