पॅनेल कुठलं, हे काउंटरवरच कळतं

सिल्वासा परिसरातल्या आमली, मसाट, पिपरियाच्या कारखान्यांतल्या कामगाराचा जुना फोन दुरुस्तीला येतो, तेव्हा अनेकदा बोर्ड ठणठणीत असतो, बॅटरीही बदलता येते. अडतं ते कंपनीने अपडेट थांबवल्यामुळे. अशा फोनवर मुक्त प्रणाली टाका, हा सल्ला चुकीचा नाही. फक्त प्रणाली फुकट मिळते म्हणून ती आपोआप चालत राहते, असं आपण धरून चालतो. सायनोजेनमॉड या अँड्रॉइडवरच्या मुक्त प्रणालीमागच्या कंपनीने डिसेंबर 2016 मध्ये सेवा गुंडाळली, तेव्हा स्वयंसेवकांनी लिनेजओएस उभी केली. 2017 मध्ये कॅनॉनिकलने फोनवरचं उबुंटू सोडलं, ते यूबीपोर्ट्सने उचललं. म्हणजे कंपनी गेली तरी प्रणाली तगते. एखादं मॉडेल मात्र तो फोन हातात असलेल्या एखाद-दोन माणसांच्या जिवावर टिकतं. ती माणसं थांबली की मॉडेल यादीतून गळतं.

पोको एफ1 घ्या. 2018 मध्ये तो अँड्रॉइड 8.1 घेऊन आला, कंपनीने त्याला 10 वर सोडलं आणि लिनेजओएसच्या स्वयंसेवकांनी पुढच्या आवृत्त्यांवर नेलं. पोस्टमार्केटओएस या मुक्त लिनक्स प्रणालीवरही तो चालतो, पण तिथे एक मेख आहे: या फोनला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची डिस्प्ले पॅनेल लागली, तियानमा आणि ईबीबीजी, आणि त्यांच्यासाठी कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, निवड वेगळी करावी लागते. आता डिस्प्ले बदललेल्या फोनमध्ये कुठलं पॅनेल बसलंय, हे दूर बसलेल्या प्रोग्रामरला कसं कळणार? ते कळतं फोन उघडणाऱ्याला. सुट्या भागांचं हे ज्ञान दुरुस्तीवाल्याकडे रोज जमा होतं आणि रोज वाया जातं. सॉफ्टवेअर मारून मोकळं होण्याऐवजी मॉडेलचा कोड, पॅनेल, बिघडलेला सेन्सर आणि नीट चाललेली शेवटची आवृत्ती एवढी नोंद त्या प्रणालीच्या प्रकल्पाकडे गेली, तर आपण दुरुस्तीवाले नुसते गिऱ्हाईक राहत नाही.

आक्षेप खरे आहेत. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं कुलूप, उघडला की डेटा पुसला जातो, आणि पेमेंटची व बँकेची काही ॲप अशा फोनवर चालायला नकार देतात. ज्याचा पगार आणि गावाकडे पाठवायचे पैसे याच फोनमधून जातात, त्याच्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नये. दुकानातला पडीक सेट किंवा घरातला दुसरा फोन त्यासाठी आहे. काहींना कायद्याची भीती वाटते. गुन्हा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलण्यात आहे, प्रणाली बदलण्यात नाही. ही दोन्ही कामं एकाच टेबलावर करणाऱ्यांनी आपल्या धंद्याचं नाव घालवलं, हेही बोललं पाहिजे. उरतो वेळेचा प्रश्न, आणि तोच मला सगळ्यांत रास्त वाटतो. फुकटच्या प्रणालीसाठी फुकट का राबायचं? तर राबू नये. मुक्त परवाना मजुरी घ्यायला मनाई करत नाही. नोंद लिहायला लागलेली दहा मिनिटं बिलात धरता येतात.