पंप चालतो, पण रुग्ण किती चालतो?

हृदय फारच दुबळे झाले की काही रुग्णांना डाव्या कप्प्याच्या मदतीसाठी यांत्रिक पंप बसवतात. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेर औषधांवरचे २५ टक्के, तर पंपावरचे ५२ टक्के रुग्ण हयात होते. पुढे पंप आणखी सुधारले.

तरीही ‘पंप नीट चालतो’ एवढ्यावर नातेवाइकांनी निर्धास्त राहू नये, असे मला वाटते. जिना चढताना निरोगी हृदय ठोके वाढवते. पंपाचा वेग मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेला असतो. श्रम वाढले म्हणून तो वाढत नाही. दीर्घ आजाराने स्नायूही झिजलेले असतात. म्हणून धाप लागते.

मोठ्या रुग्णालयांत रुग्णाला मास्क लावून सायकल चालवायला सांगतात आणि शरीर किती प्राणवायू वापरते ते मोजतात. हा आकडा कमी, तर धोका जास्त. पण सहा मिनिटे चालण्याची साधी चाचणीही पुष्कळ सांगते. तीस मीटरचा व्हरांडा आणि घड्याळ पुरते. पंप बसवल्यावर ३०० मीटरही न चालू शकणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आहे.

पंप परवडणारे आपल्याकडे थोडेच. पण ही चाचणी दुबळ्या हृदयाच्या इतर रुग्णांनाही उपयोगी आहे. माझा आग्रह आहे की, हे अंतर वेळोवेळी केसपेपरवर लिहिले जावे. अंतर कमी भरले म्हणून खचू नये. देखरेखीखालील व्यायामाने ते वाढू शकते. मात्र घरी, एकट्याने ही चाचणी करू नये.