पडदा काळा, पण हिशेब शाबूत

संगणकाचा पडदा काम चालू असताना एकाएकी काळा पडला, तर घाबरून बटण बंद करू नका. आधी कळफलकावरील कॅप्स लॉक दाबा. त्याचा बारीक दिवा लागला-विझला, तर समजा की संगणक चालू आहे, बिघाड पडद्याकडे आहे. हिशेबाच्या फाईलला आधीच नाव दिलेले असेल, तर कंट्रोल व एस एकदम दाबा. बहुधा लिहिलेले वाचेल.

मग संगणक बंद करून, प्लग काढून पडद्याच्या दोन्ही वायरी घट्ट बसवा. मुंबईच्या वर्सोव्यात, म्हणजे कोळी बांधवांच्या वेसाव्यात, खाऱ्या दमट वाऱ्याने वायरींच्या पिना गंजतात आणि जोड मधूनच सुटतो. आपल्याकडे धूळ वैरी! हवेच्या जाळ्या तुंबल्या की यंत्र तापते. त्या मऊ ब्रशाने झाडा.

कॅप्स लॉकचा दिवा लागत नसेल, किंवा संगणकच आपोआप बंद पडत असेल, तर कारागीर बोलवा. पडदा वा आतली वीजपेटी घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही तेथे वीज साठून राहते. हिशेबाची एक प्रत मात्र पेनड्राईव्हवर ठेवाच.