‘जवळचे डॉक्टर’ शोधताना: मोबाइलवरची यादी काय सांगते आणि काय सांगत नाही

नव्या गावात किंवा नव्या वस्तीत राहायला गेल्यावर डॉक्टर कसा शोधायचा? पूर्वी शेजाऱ्यांना विचारत, नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला. आज हात आधी मोबाइलकडे जातो. ‘माझ्या जवळचे डॉक्टर’ किंवा ‘बालरोगतज्ज्ञ आता उघडे’ असे टाइप केले की नकाशा उघडतो, त्याखाली दोन-तीन नावे येतात, तारे दिसतात आणि फोनचे बटण दिसते. बहुतेक जण त्या दोन-तीन नावांपैकीच एकाला फोन करतात.

म्हणजे ही यादी आता आरोग्याची माहिती झाली आहे. औषधाच्या डोसची चुकीची माहिती जशी नुकसान करते, तशीच दवाखान्याची चुकीची माहितीही करू शकते. तरीही ही यादी कोण बनवतो, कोण तपासतो आणि डॉक्टरने तिच्यात वर दिसण्यासाठी काय करावे, काय करू नये, यावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

यादीत कोण वर येतो?

गूगलच्या नकाशावरची क्रमवारी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते, असे गूगल स्वतः सांगते. तुम्ही जे शोधले त्याच्याशी ती नोंद किती जुळते, ते ठिकाण तुमच्यापासून किती दूर आहे आणि ते किती प्रसिद्ध आहे. प्रसिद्धी मोजताना इतर संकेतस्थळांवरचे उल्लेख, अभिप्रायांची संख्या आणि तारे विचारात घेतले जातात. पैसे भरून या क्रमवारीत वरची जागा मिळत नाही, असेही गूगल म्हणते. मात्र यादीच्या वर किंवा मध्ये ‘प्रायोजित’ असे लिहिलेली नोंद दिसली, तर ती जाहिरात असते. घाईत तो छोटा शब्द नजरेतून सुटतो.

गूगलखेरीज इतर ऑनलाइन डिरेक्टरीही आहेत. जस्टडायल १९९६ मध्ये सुरू झाली, प्रॅक्टो २००८ मध्ये. अशा अनेक डिरेक्टऱ्यांमध्ये पैसे भरणाऱ्याला ठळक किंवा वरची जागा देणाऱ्या योजना असतात.

आता वरचे तीन निकष पुन्हा वाचा. जुळणे, अंतर, प्रसिद्धी. यात डॉक्टरची पदवी नाही, नोंदणी नाही, अनुभव नाही आणि उपचारांचा परिणामही नाही. यादीत पहिला असणे आणि चांगला डॉक्टर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक बाब बऱ्याच वाचकांना माहीत नसते. दवाखान्याची नोंद डॉक्टरनेच टाकलेली असते असे नाही. ती डॉक्टरच्या नकळत तयार झालेली असू शकते आणि तिच्यातली वेळ, पत्ता किंवा फोन नंबर बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतो. नोंदीची मालकी डॉक्टरने घेतली नसेल, तर चूक लक्षात यायलाच फार वेळ लागतो.

चुकीच्या नोंदीची किंमत

सर्दी-खोकल्यासाठी गेलात आणि दवाखाना बंद निघाला, तर एक फेरी वाया जाते. पण प्रत्येक वेळी प्रकरण इतक्यावर भागत नाही.

पक्षाघाताचे उदाहरण घ्या. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. नकाशावर ‘हॉस्पिटल’ असे लिहिलेल्या जागी सीटी स्कॅन आहे की नाही, तो रात्री चालू असतो की नाही, हे नोंदीवरून कळत नाही. घरातले लोक जवळचे म्हणून एका ठिकाणी जातात, तिथून दुसरीकडे पाठवले जातात आणि दीड-दोन तास रस्त्यातच जातात.

कुत्रा चावल्यावरही असेच होते. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची असते, हे पहिले काम. जखमेतून रक्त आले असेल तर रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसते. साप चावल्यावर तर ‘जवळचा दवाखाना’ नको असतो, सर्पविषावरची लस असलेले रुग्णालय हवे असते. अशा वेळी यादी चाळत बसू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि नेण्याआधी किंवा वाटेतूनच रुग्णालयाला फोन करून विचारा: ही सोय आत्ता आहे का?

तिसरा धोका पैशांचा आहे. फसवणूक करणारे मोठ्या रुग्णालयाच्या नावाने खोटी नोंद टाकतात किंवा खऱ्या नोंदीतला नंबर बदलतात. तुम्ही अपॉइंटमेंटसाठी फोन करता. समोरचा अगदी नम्रपणे सांगतो की नोंदणीसाठी फक्त पाच-दहा रुपये भरा, लिंक पाठवतो, किंवा हे अ‍ॅप डाउनलोड करा. त्या लिंकमधून बँकेचा तपशील जातो आणि खाते रिकामे होते. आजारी माणसाच्या घरचे लोक आधीच घाबरलेले असतात, म्हणून ते लवकर फसतात. असे घडले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार केली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

नियम काय सांगतात?

भारतात डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे हे वैद्यकीय नीतिनियमांच्या विरुद्ध आहे. २००२ चे भारतीय वैद्यकीय परिषदेचे आचारसंहितेचे नियम आजही लागू आहेत. पण त्याच नियमांत काही गोष्टी जाहीर करायला स्पष्ट परवानगी आहे: दवाखाना सुरू करणे, कामाचे स्वरूप बदलणे, पत्ता बदलणे, काही काळ रजेवर असणे, पुन्हा काम सुरू करणे, दुसऱ्याचा दवाखाना चालवायला घेणे आणि फी किती ते सांगणे.

ही यादी स्मार्टफोनच्या आधीची आहे, तरी आजच्या ऑनलाइन नोंदीला ती चपखल बसते. दवाखाना कुठे आहे, कधी उघडा असतो, फी किती आहे, हे सांगणे म्हणजे माहिती. ‘शहरातील नंबर एक’, ‘शंभर टक्के खात्रीशीर इलाज’ असे लिहिणे म्हणजे जाहिरात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले. त्यात समाजमाध्यमांबद्दल मार्गदर्शन होते. लाइक्स किंवा फॉलोअर्स विकत घेऊ नयेत, आपले नाव शोधात सर्वांत वर यावे म्हणून पैसे देऊ नयेत, जास्त रेटिंगसाठी किंवा रुग्ण मिळवण्यासाठी पैसे घेणाऱ्या अ‍ॅपवर नोंदणी करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पण त्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, हे नियम स्थगित झाले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. जेनेरिक औषधे लिहिण्याच्या सक्तीवरून तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात शोधक्रमवारीचा हा मुद्दाही बाजूला पडला.

परिणाम असा की आज क्रमवारी विकत घेण्याला नेमके नाव घेऊन मनाई करणारा नियम लागू नाही, आणि जुन्या नियमांत ‘सर्च’ हा शब्दच नाही. शिवाय परिषदेचे नियम नोंदणीकृत डॉक्टरला बांधतात, रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीला थेट नाही. म्हणून नियम पाळणारा एकटा डॉक्टर आपली वेळसुद्धा ऑनलाइन टाकायला कचरतो आणि मोठी साखळी रुग्णालये ‘प्रायोजित’ जागेवर बिनदिक्कत दिसतात. ‘पहिल्या पानावर आणून देतो, पन्नास चांगले अभिप्रायही टाकून देतो’ असे फोन माझ्यासारख्या साध्या जनरल प्रॅक्टिशनरलाही येतात. या विक्रेत्यांना नकार देणे सोपे आहे. पण नकार देणाऱ्याचे नाव यादीत खाली राहते आणि तुम्हाला ते दिसतच नाही. नियमांतल्या या फटीची किंमत शेवटी रुग्णच मोजतो.

ताऱ्यांवर किती विश्वास ठेवावा?

अभिप्राय निरुपयोगी नसतात. किती वेळ थांबावे लागते, स्वागतकक्षात कसे बोलतात, पावती देतात का, लिफ्ट आहे का, हे त्यातून चांगले कळते. उपचार योग्य होता का, हे मात्र कळत नाही.

विषाणूमुळे आलेल्या साध्या तापात अँटिबायोटिकचा उपयोग नसतो आणि तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या रुग्णाला सहसा सलाइन लागत नाही. पण ‘सलाइन लावले नाही, नुसत्या गोळ्या दिल्या’ म्हणून एक तारा मिळतो आणि ‘एका इंजेक्शनमध्ये बरे वाटले’ म्हणून पाच. डॉक्टर ताऱ्यांसाठी काम करू लागला तर गरज नसलेली औषधे वाढतील. त्याचा फटका सगळ्यांना बसेल.

भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे तपासावेत हे त्यात सांगितले आहे, पण ते ऐच्छिक आहे. म्हणून एकाच आठवड्यात आलेले, एकाच धाटणीचे, ‘बेस्ट डॉक्टर, बेस्ट स्टाफ’ छापाचे अभिप्राय दिसले तर सावध राहा.

डॉक्टर मित्रांसाठी

योग्य रुग्णाला योग्य दवाखाना सापडणे यात काही गैर नाही, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. आपल्या नोंदीची मालकी घ्या. नाव, पत्ता आणि फोन सगळ्या डिरेक्टऱ्यांमध्ये अक्षरशः सारखे ठेवा. एका ठिकाणी जुना नंबर आणि दुसऱ्या ठिकाणी नवा असेल तर रुग्णही गोंधळतो आणि शोधयंत्रही. दवाखान्याचे नाव मराठीतही लिहा, कारण अनेक जण मराठीत शोधतात.

सकाळ-संध्याकाळच्या वेळा वेगळ्या टाका, साप्ताहिक सुट्टी टाका, गणपती-दिवाळीतले बदल आधीच टाका. दवाखाना हलवला असेल तर जुनी नोंद बंद करा. इमर्जन्सी घेत नसाल तर तसे स्पष्ट लिहा. जी पदवी आहे तेवढीच लिहा. त्या शाखेची विशेष पात्रता नसताना तज्ज्ञ म्हणवणे २००२ च्या नियमांनुसार गैरवर्तन आहे, मग ते पाटीवर असो वा नोंदीच्या वर्गवारीत. वाईट अभिप्रायाला उत्तर देताना रुग्णाचा आजार, तपासण्या किंवा भेटीचा तपशील उघड करू नका. त्याने स्वतः लिहिले असले तरी गोपनीयता पाळणे ही आपलीच जबाबदारी आहे.

तुम्ही काय तपासावे?

१. ‘प्रायोजित’ शब्द आहे का ते पाहा. असेल तर ती जाहिरात आहे.

२. नंबर दोन ठिकाणी जुळवा. रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा किंवा जुन्या केसपेपरवरचा नंबर अधिक भरवशाचा. अपॉइंटमेंटसाठी कोणी लिंक किंवा अ‍ॅप पाठवले तर फोन ठेवा.

३. नोंदणी तपासा. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. २०२५ मध्ये परिषदेने क्यूआर कोडची ‘नो युवर डॉक्टर’ ही व्यवस्थाही आणली. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायलाच हवा. तो विचारण्यात संकोच करू नका.

४. निघण्यापूर्वी फोन करा. डॉक्टर आत्ता आहेत का आणि तुम्हाला हवी ती सोय आहे का, एवढे दोन प्रश्न पुरतात.

५. चुकीची वेळ किंवा पत्ता दिसला तर नकाशावर दुरुस्ती सुचवा आणि दवाखान्यालाही कळवा. तुमच्यानंतर येणाऱ्या रुग्णाची फेरी वाचेल.

६. छातीत दुखणे, पक्षाघात, मोठा अपघात, साप चावणे यांत शोधत बसू नका. १०८.

आणि एक काम आजच, घरात सगळे ठणठणीत असताना करून ठेवा. नेहमीचे डॉक्टर, चोवीस तास चालू असलेले जवळचे रुग्णालय आणि जवळचे सरकारी रुग्णालय यांचे खात्री केलेले तीन नंबर फोनमध्ये टाका आणि एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आजीला मोबाइलवर शोधता येत नसेल, कागद मात्र वाचता येतो.