उन्हाळ्यातील गावाची खबर आणि गावाचे कार्यक्रम : नागरिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक

विषय : चैत्र ते ज्येष्ठ या काळातील सार्वजनिक कार्यक्रम व सूचना सर्व वस्त्यांपर्यंत पोचवण्याची कायमची व्यवस्था करणे आणि त्यासाठी येत्या अंदाजपत्रकात तरतूद करणे.

महोदय,

पाटण-जावळीच्या डोंगरांना लागून असलेल्या आपल्या गावात सर्वांत जास्त माणसे असतात ती एप्रिल आणि मे महिन्यांत. शाळांना सुट्टी लागते. नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी म्हणून राबणारी आपली माणसे घरचे कार्य आणि गावची जत्रा धरून रजा टाकतात. माहेरवाशिणी येतात, वर्षभर कुलूपबंद असलेली घरे उघडतात. पाडवा, रामनवमी, हनुमान जयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, बुद्धपौर्णिमा, आसपासच्या वाड्यांच्या जत्रा, कुस्त्यांची मैदाने, वाचनालयाची व्याख्याने, पोहण्याचे वर्ग, मुलांची शिबिरे आणि या सगळ्यांवर लग्नसराई, असे एकावर एक येत जाते. नेमके याच दिवसांत पाणी एक दिवसाआड होते, दुरुस्तीसाठी वीज जाते आणि ऊन चाळिशीला टेकते. लोकांना कळायला हवे असे पुष्कळ असते, आणि ते कळण्याची भरवशाची जागा मात्र गावात एकही नाही. ती जागा नगरपरिषदेने निर्माण करावी, एवढ्यासाठी हे मागणीपत्र आहे.

आज गावात खबर दोन वाटांनी फिरते. एक वाट चौकातल्या फ्लेक्सची. त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे हातभर आणि कार्यक्रमाची वेळ-ठिकाण तळाशी बोटभर. दुसरी वाट फोनवरच्या गटांची. तिथे गेल्या वर्षीचा ‘उद्या पाणी येणार नाही’ हा निरोप यंदाही फिरतो आणि लोक हंडे भरून ठेवतात. गेल्या मे महिन्यात वाचनालयाचे व्याख्यान आणि कुस्त्यांचे मैदान एकाच संध्याकाळी आले. दोन्हीकडच्या आयोजकांना एकमेकांच्या तारखा ठाऊक नव्हत्या. लांबून आलेल्या वक्त्यांनी अर्ध्या रिकाम्या सभागृहात भाषण केले, आणि मैदानावर बसलेले कितीतरी जण दुसऱ्या दिवशी म्हणाले की आम्हाला तेही ऐकायचे होते.

जत्रा तिथीने येतात, म्हणून इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात, आणि अधिक मास आला की लग्नाचे मुहूर्तही हलतात. पण पंचांग वर्ष सुरू होण्याआधीच हातात असते. कोणती जत्रा कोणत्या तारखेला पडणार, कोणत्या दिवशी लग्ने दाट असणार, हे फेब्रुवारीतच सांगता येते. म्हणजे हे गोंधळ अटळ नाहीत. ते होतात, कारण सगळ्यांनी मिळून आधी पाहण्याची पद्धत नाही.

तारखांच्या गोंधळापेक्षा एक गोष्ट आम्हाला अधिक लागते. उन्हाळी शिबिराचा फलक मुख्य चौकात लागतो, दोन-तीन दिवसांत नावनोंदणी भरते, आणि शिबिरात दिसतात ती बाजारपेठेतली मुले. नदीपलीकडच्या वस्तीतली, वीटभट्टीवरची, मागच्या गल्ल्यांतली मुले शिबिर संपल्यावर त्याबद्दल ऐकतात. हा भेद कोणी ठरवून केलेला नाही. पण खबर ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने तो पडत जातो. आंबेडकर जयंतीनिमित्त वस्तीत होणाऱ्या व्याख्यानालाही हेच लागू आहे. ते सगळ्या गावाने ऐकावे असे असते आणि वस्तीबाहेर त्याची खबरही जात नाही. एकाच गावात राहून एकमेकांच्या चांगल्या गोष्टी आपल्याला ठाऊक नसाव्यात, याचे आम्हाला मनापासून दुःख आहे.

ही मागणी आम्ही मेहेरबानी म्हणून करत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ सांगते की, सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून द्यावी. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा रीतीने द्यावी. सूचना फलक, वृत्तपत्रे आणि जाहीर घोषणा ही साधने त्या कलमातच नमूद आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची यादी आहे. त्यात उद्याने व क्रीडांगणे आहेत, आणि सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना चालना देणे हाही विषय आहे. शिवाय प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. आपल्यासारख्या लहान गावाला ती लागू नाही, म्हणून वस्तीतल्या माणसाला नगरपरिषदेशी बोलण्याची ठरलेली जागाही नाही. निदान नगरपरिषदेने त्याच्याशी बोलण्याची जागा तरी ठरलेली असावी.

लहान गावाला हे झेपेल का, असे कोणी विचारेल. रत्नागिरीत सार्वजनिक वाचनालय १८२८ मध्ये सुरू झाले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते, आणि तिच्यापासून प्रेरणा घेऊन महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान गावांनी उन्हाळ्यातली व्याख्याने आपलीशी केली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यात राहून मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे पत्र वर्षानुवर्षे चालवले. बहुजन शेतकऱ्याला त्याच्या कामाची खबर मिळावी, हा त्या पत्राचा ध्यास होता. आपल्याकडे आज छापखाने आहेत, वीज आहे, पगारी कर्मचारी आहेत.

आमच्या मागण्या अशा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नगरपरिषदेने सर्व आयोजकांची बैठक बोलवावी. वाचनालय, तालमी, देवस्थाने, मशिदीचे विश्वस्त, बौद्ध विहार, महिला बचत गट, शाळा, नाट्यमंडळे, क्रीडा मंडळे यांना लेखी निमंत्रण जावे आणि पंचांग समोर ठेवून तारखा जुळवाव्यात. त्यासाठी कार्यालयात तारखांची एक वही ठेवावी, जी कोणालाही पाहता येईल. एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो : वहीतली नोंद म्हणजे परवानगी नव्हे. अमुक कार्यक्रम नको, असे म्हणण्याचा अधिकार या वहीतून कोणाच्याही हाती जाऊ नये. शेजाऱ्याने काय ठरवले आहे हे कळावे, इतकाच तिचा उपयोग.

त्या वहीवरून पाडव्यापूर्वी एक पानी उन्हाळी पत्रक छापावे. त्यात तिथी आणि तारीख दोन्ही असाव्यात. कार्यक्रमांबरोबर पाण्याच्या वेळा, दवाखान्यांच्या सुट्टीतल्या वेळा आणि नावनोंदणीच्या मुदती असाव्यात. पत्रकावर कोणाचेही छायाचित्र नको, शुभेच्छा नकोत. ते घरोघर जावे. मुंबईकर मंडळींना महिनाभर आधी मिळाले तर ती रजा त्याप्रमाणे टाकतील, आणि एका दिवसासाठी येणारा माणूस दोन दिवस राहील.

पत्रक छापल्यानंतर बदल होणारच. त्यासाठी प्रत्येक प्रभागात एक काळा फळा हवा. जागा सांगतो : एसटी स्टँड, रेशनची दुकाने, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्र, पाण्याच्या टाकीखालची भिंत. फ्लेक्स वळवाच्या वाऱ्यात फाटतो, फळा राहतो. रोज सकाळी त्यावर कोण लिहिणार त्या कर्मचाऱ्याचे पद ठरलेले असावे, आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिल्याची तारीख असावी, म्हणजे शिळी खबर लगेच ओळखू येईल.

आणि ज्यांना वाचता येत नाही, ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्या बायका सकाळी उंबऱ्याबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी घंटागाडी. ती रोज प्रत्येक गल्लीत जाते. तिच्यावर भोंगा आहेच. गाणे थोडे थांबवून दोन मिनिटे त्या दिवसाची खबर सांगावी : पाणी किती वाजता, वीज कुठे नाही, संध्याकाळी काय आणि कुठे. पूर्वी हे काम दवंडीने होत असे. पण दवंडी देणे हे बलुत्याच्या चौकटीत एका समाजाच्या माथी मारलेले काम होते, आणि ती प्रथा कोणत्याही रूपात परत येऊ नये. घंटागाडीवर खबर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या कामाचा वेगळा भत्ता मिळावा, आणि मजकूर कार्यालयाने लिहून द्यावा.

उन्हाबद्दल आम्ही अधिक कळकळीने लिहितो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या मोठ्या सोहळ्यानंतर १४ जण दगावले. त्यानंतर शासनाने दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली होती. ती त्या उन्हाळ्यापुरती होती. आमची मागणी आहे की आपल्या हद्दीत हा नियम दरवर्षी, कोणतीही दुर्घटना घडण्याची वाट न पाहता, १५ मार्चपासून पाळला जावा. मिरवणूक असो, बक्षीस समारंभ असो की मुलांच्या स्पर्धा असोत. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. तसा इशारा आला की तो त्याच दिवशी फळ्यावर आणि घंटागाडीवर जावा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला. त्यात लोकांना वेळेवर सावध करणे हा मुख्य भाग होता. त्यासाठी फार पैसा लागत नाही, ठरलेली वाट लागते. जिथे कार्यक्रम, तिथे सावली, पिण्याचे पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटे असणे ही मैदान देण्याची अटच असावी.

ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. वर्षातले सवलतीचे १५ दिवस बहुतेक मोठ्या सणांत संपतात. तेव्हा उन्हाळ्यातले कार्यक्रम साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला संपावेत. आपल्याकडे पाहुण्यांच्या सत्कारात तास जातो, आणि मुख्य कार्यक्रम रंगात आला की पोलीस उभे राहतात. दिवसभर कुरडया-पापड घालून, स्वयंपाक उरकून येणाऱ्या बाईला उशिरा सुरू होणारा कार्यक्रम म्हणजे न होणाऱ्या कार्यक्रमासारखाच. वेळेवर सुरुवात, परतीच्या वाटेवर दिवे, मैदानाजवळ बायकांसाठी स्वच्छ आणि उघडे स्वच्छतागृह, या तीन गोष्टी झाल्या तर प्रेक्षकांतली निम्मी जागा बायकांची असेल, याची आम्हाला खात्री आहे.

जागांचे म्हणाल तर, नगरपरिषदेच्या शाळांची मैदाने सुट्टीत कुलपात असतात. ती सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडी ठेवावीत. नगरपरिषदेचे सभागृह मे महिन्यात लग्नांना जाते, कारण त्यातून उत्पन्न मिळते. ते उत्पन्न बुडावे असे आमचे म्हणणे नाही. पण लग्नाची तिथी नसलेल्या दिवसांपैकी आठवड्यातून दोन संध्याकाळी सार्वजनिक कार्यक्रमांसाठी राखाव्यात आणि नोंदणीकृत संस्थांना अनामत रक्कम माफ करावी. वाचनालयाला सुट्टीपुरते मुलांचे सभासदत्व विनाशुल्क करता यावे म्हणून नगरपरिषदेने वर्गणीइतके साहाय्य द्यावे. दुपारच्या उन्हात घरात कोंडलेल्या मुलासाठी पंख्याखालचे वाचनालय हीच गावातली सर्वांत सुरक्षित जागा आहे. मंडप, ध्वनिक्षेपक आणि वाहतूक यांच्या परवानग्यांचे अर्ज एकाच टेबलावर घ्यावेत, हेही याच्याशी जोडूनच आले.

खर्च फळ्यांचा, छपाईचा आणि भत्त्यांचा आहे. त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, नाहीतर ही रक्कम किरकोळ खर्चात विरून जाईल. आमच्याकडून आम्ही तीन कामे अंगावर घेतो : सर्व संस्थांकडून तारखा गोळा करणे, पत्रकाची मुद्रिते तपासणे, आणि नदीपलीकडच्या वस्तीत व वीटभट्ट्यांवर जाऊन मुलांची शिबिरांसाठी नावनोंदणी करणे. शिबिरांच्या आयोजकांनीही नावनोंदणी पहिले आठ दिवस सर्व वस्त्यांसाठी खुली ठेवावी, मग जागा भराव्यात, अशी सूचना नगरपरिषदेने त्यांना द्यावी.

हे मागणीपत्र अंदाजपत्रकी सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, सभेपूर्वी आमच्या शिष्टमंडळाला वेळ द्यावा आणि जी मागणी मान्य होणार नाही तिचे कारण लेखी कळवावे, ही विनंती. यंदाच्या जत्रांच्या तिथी व तारखांची आम्ही जुळवलेली यादी आणि फळ्यांसाठी सुचवलेल्या जागांचा हाताने काढलेला नकाशा सोबत जोडला आहे.

आपले विश्वासू,
नागरिक संघाची कार्यकारिणी व सभासद