बामची डबी आणि पाठीवरचा पंप



फवारणी सुरू झाली की घरोघरी संध्याकाळी बामचा वास येतो. बाम वाईट नाही. पण माझं मत स्पष्ट आहे, आपण त्याच्याकडून नको ते काम करून घेतोय.

बाममध्ये असतं काय? मेन्थॉल, कापूर, निलगिरी तेल आणि बऱ्याच वेळा गंधपुऱ्याच्या तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट. कातडीला गार-गरम लागतं, त्यात दुखणं थोडा वेळ दबतं. चोळल्यानं आखडलेली पाठ सैल होते, झोप लागते. बस, एवढंच. ओझं काही कमी होत नाही.

आता हिशोब करा. १६ लिटरचा पंप म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो, पंपाचं वजन वेगळं. एकरी १० पंप धरले तर १६० किलो पाणी पाठीवर फिरलं, ते पण चिखलातून. रात्री बाम, सकाळी परत तोच पंप.

त्याहून मोठी गोष्ट विषाची. झाकण गळतं, पाठ भिजते, औषध कातडीतून अंगात जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. बिनआंघोळीच्या पाठीवर बाम चोळणं म्हणजे राहिलेलं औषध अंगात जिरवणं. आधी साबणानं आंघोळ, धुतलेले कपडे, मगच बाम. पट्ट्यानं सोललेल्या जागी लावू नका. बामवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि फवारून आल्यावर डोकं दुखतंय म्हणून कपाळाला बाम लावून झोपू नका. मळमळ, खूप घाम, अंधुक दिसणं असेल तर औषधाची बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

मग पाठीचं करायचं काय? पंप १०-१२ लिटरच भरा. फेऱ्या वाढतील, वाढू द्या. भरताना पंप जमिनीवर नको, कमरेइतक्या उंचीवर ठेवा, म्हणजे वाकून उचलावा लागत नाही. पट्टे रुंद घ्या. चार-पाच जणांनी मिळून एचटीपी पंप घेतला तर पाठीवर टाकीच राहत नाही. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, तरी ती दोघांनीच उचलायची. वेचणीला बायांची ओटी जड व्हायच्या आत रिकामी करायला धुऱ्यावर नाही, तासातच पोतं ठेवा. मजुराची पाठ पण पाठच असते.

दुखणं पायात उतरलं, पाय बधिर झाला किंवा लघवीचा त्रास सुरू झाला तर तिथं बामचं काम संपलं. त्याच दिवशी डॉक्टर.

बैल लंगडला तर आपण त्याला जुंपत नाही. स्वतःला मात्र बाम चोळून रोज जुंपतो. हे बदला, मंडळी.