आज्ञा अखंड राहावी

जुन्या पोथ्यांत ओव्या सलग लिहिलेल्या असत. तरी दंड व आंकडा यांवरून ओवी कोठें संपली तें कळे. संगणकास टंकलेल्या आज्ञा पोंचविणाऱ्या, १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'बॅश' या शेलच्या आज्ञा-इतिहासासही अशीच खूण लागते. अनेक ओळींची आज्ञा बॅश एरव्हीं अर्धविरामांनीं जोडून एका ओळींत घालतें. 'लिटहिस्ट'मुळें ओळी राहतात. परंतु कालनोंद नसल्यास पुढील सत्रांत त्या सुट्या आज्ञा म्हणून परत येतात. 'हिस्टटाइमफॉरमॅट' ठरविल्यास प्रत्येक आज्ञेपूर्वीं कालनोंद पडते व आज्ञा अखंड मिळते. हीं दोन्हीं 'बॅशआरसी' फायलींत लिहून ठेवणें यवतमाळच्या शाळांनीं पहिल्याच धड्यांत शिकवावें. परिश्रमानें रचलेली आज्ञा विद्यार्थ्यास दुसऱ्या दिवशीं तुकड्यांत मिळावी, हें योग्य नव्हे. साठविलेलें अखंड हातीं आलें, तरच त्यास जतन म्हणावें.